फ्रिजशी बोलणारा नवरा

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि तिथे तिला सगळ्या जणी रेडिओ म्हणत. सकाळी आत शिरली की तिचं तोंड सुरू व्हायचं ते पाळी संपेपर्यंत. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची, गरम रोलरमध्ये सरकवायची. पलीकडच्या दोघींनी तिची घडी घालायची. वाफेने जीव नकोसा व्हायचा. खिडकी एकच, तीही छताला चिकटलेली, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे नुसते पाय दिसत. अशा ठिकाणी बोलकं माणूस कुणाला नको असतं?

घरी मात्र ती तोंडातून शब्द काढत नसे. नोकरी सुटल्यापासून नवरा दाराजवळच्या खुर्चीत बसून असायचा. हात त्याने कधी उगारला नाही. तो अबोला धरायचा. बाजारातून यायला उशीर झाला, जिन्यात शेजारणीशी हसली, काहीही पुरे. धरला की आठवडेच्या आठवडे.

धुलाईखान्यातल्या बायकांची दुपारची एक लाडकी मालिका कामामुळे हुकायची. संध्याकाळी तोच भाग पुन्हा लागे, पण तेव्हा त्या स्वयंपाकात अडकलेल्या. रेडिओ तो बघायची आणि दुसऱ्या दिवशी रोलरवर सगळ्यांचे आवाज काढून सांगायची.

मग एका अबोल्यात नवऱ्याने रिमोट शर्टाच्या खिशात टाकला, तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "काल काय झालं गं?" काकू धुलाईखान्यात सगळ्यांत जुन्या, रोलरवर तिच्या जोडीला असायच्या. बघितलं नाही म्हणावं तर का, तेही सांगावं लागणार. रेडिओच्या तोंडून निघून गेलं, "काल नवऱ्याने बायकोशी बोलणं टाकलं."

"मग?"

"मग काय, फ्रिजशी बोलायला लागला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणतो, फ्रिज, भाजी अळणी आहे, हे घरात कुणाला तरी कळायला हवं."

बायका अशा हसल्या की चादर रोलरमध्ये तिरकी गेली.

तेव्हापासून मालिकेतला नवरा रोज नवं काहीतरी करू लागला. बायकोचा फोन वाजला की टीव्हीचा आवाज वाढवायचा. टॉवेल वेडावाकडा वाळत घातलेला दिसला की टॉवेलचीच समजूत काढायचा. यातलं काहीही रेडिओला रचावं लागत नव्हतं. घरी जे धोंड्यासारखं छातीवर बसायचं, ते इथे सांगताना तिलाही हसू फुटायचं. पाळी संपली की पुन्हा तोच जिना, तीच खुर्ची.

पुढे काकूंची सून बाळंतपणासाठी घरी राहिली आणि दुपारची मालिका बघू लागली. एक दिवस चादर धरता धरता काकू हळूच म्हणाल्या, "रेडिओ, सून म्हणते, त्या मालिकेतला नवरा केव्हाच मेला. गाडी दरीत पडून."

रोलर नुसताच फिरत राहिला. सगळ्या रेडिओकडे बघत होत्या.

"हो," ती म्हणाली. "त्यांचा गेला. आमचा आहे."

एक जण फिसकन हसली, तिच्यामागून सगळ्या हसल्या. रेडिओही हसली, डोळे पुसत.

"बरं," काकू म्हणाल्या, "काल काय म्हणाला फ्रिजला?"

रेडिओने सांगितलं. या वेळी 'तो' न म्हणता 'आमचे हे' म्हणाली.

घड्या घालणारी एक जण कधी कशात नसे. ती मध्येच म्हणाली, "आमच्या मालिकेत मारामारी असते." यावर कुणी हसलं नाही. काकूंनी तिच्या हातातली चादर काढून घेतली आणि तिला स्टुलावर बसवलं.

एका संध्याकाळी नवरा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. "फ्रिज, चहा गार आहे."

"अहो, त्याला काय सांगता," रेडिओ म्हणाली, "त्याचं कामच गार करायचं." आणि ती खळखळून हसली.

नवरा तिच्याकडे बघत राहिला, कप ठेवून खुर्चीत गेला. त्यानंतर त्याने फ्रिजशीही बोलणं टाकलं. घर इतकं गप्प झालं की नळ ठिबकला तरी तिला आधार वाटे. निघून जावं असं मनात येई. पण कुठे? लेकीचं घर एका खोलीचं, त्यात तिचे सासूसासरे. विचार जिन्यापर्यंत जाऊन परत यायचा.

त्याच लेकीचा एका दुपारी फोन आला, जेवणाच्या सुट्टीत. "आई, हे माझ्याशी बोलत नाहीत गं. बरेच दिवस झाले." मग जरा थांबून, "होईल ना मला सवय? तुला झालीच ना?"

रेडिओ मळक्या चादरींच्या ढिगाऱ्यावर बसली. सवय झाली ना, असं कुणीही विचारलं की आजवर ती हो म्हणत आली होती.

"नाही झाली," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटलं झाली. तू सवय व्हायची वाट बघू नकोस."

"मग काय करू?"

"ते मलाही माहीत नाही, बाळा. पण गप्प बसू नकोस. काय काय झालं, सगळं सांग मला."

लेक रडत रडत सांगू लागली. सुट्टी संपली, रोलर सुरू झाला. रेडिओ उठायला लागली, तशी काकूंनी चादरीची दोन्ही टोकं एकटीनेच धरली आणि मानेने तिला खुणावलं, बस तू.