भोपळ्याच्या पानांवरचे पांढरे डाग

भिसेगावातल्या घरामागे पत्नीने भोपळ्याचा वेल लावला, त्याआधीच त्याच्या फळाचे काय करायचे ते ठरले होते. गौरीच्या नैवेद्याला लागणारा भोपळा दरवर्षी कडावहून, तिच्या भावजयीच्या परसातून आमच्याकडे येई. यंदा तो आमच्याकडून कडावला जाईल, असे पत्नीने माहेरी जाहीर केले. भावजयीने स्वतःच्या भोपळ्याचे बी काढून दिले आणि वर म्हणाली, "लावा वन्सं. नाय धरला तर आमचा हायेच."

त्या वाक्यामुळे माघार घेण्याची सोय उरली नाही.

एक फळ धरले. कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवले की ते कुजते, असे आमच्या भागात मानतात. म्हणून पत्नी येणाऱ्याला परसात नेण्याआधीच बोट वाकवायला लावी. त्यातच पानांवर शिरांच्या बाजूने पांढरे डाग दिसले. काही पानांना गोल भोकेही होती, पण भोकांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पत्नीने पहिला संशय दूधवाल्यावर घेतला. त्याने बोट वाकवले होते, पण अर्धेच.

मग पानांचे फोटो माहेरच्या ग्रुपवर गेले. एका मामाने रसायनीच्या कारखान्यांकडून येणाऱ्या हवेला दोष दिला. मामाचे घर रसायनीला आमच्यापेक्षा जवळ आहे आणि त्यांची वांगी उत्तम येतात, हे कोणी विचारात घेतले नाही. मावशीचे निदान 'दृष्ट' होते. भाच्याने भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, सांगितली आणि आंबट ताक फवारायला सांगितले. आणखी कोणी साबणाचे पाणी सुचवले, कोणी कडुनिंबाचे तेल. पत्नीने कोणालाही नाराज केले नाही. सगळे उपाय एकाच दिवशी, भर उन्हात झाले. दृष्टही काढली.

दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या. परसात कढीचा वास येत होता.

तुलनेसाठी निरोगी पान हवे, म्हणून मी स्कूटरने कडावला गेलो. भावजयीच्या वेलावर तेच पांढरे डाग होते. मी ते दाखवताच तिने कपाळाला हात लावला.

"अगं बया! आमच्यातपण शिरलं?" आणि ती ताक घुसळायला आत गेली.

तिथले पान घरी आणून नळाखाली चोळले. भुरी असती तर पुसली गेली असती. डाग जागचा हलला नाही. आमच्या वेलाचे नुकतेच उमललेले पानही तसेच निघाले. त्या जातीच्या पानांवर पांढरी नक्षी जन्मापासून असते.

"म्हणजे धडधाकट वेलाला आपण औषध पाजलं?" पत्नीने विचारले.

"हो."

"आणि वयनी?"

"ताक घुसळतायत."

पत्नी भोपळ्याकडे पाहत राहिली. "घुसळू दे," ती म्हणाली. चहा उकळण्याआधी तिने फोन लावला.

"वयनी, ते ताक प्या. वेलाला घालू नका."

"आत्ता सांगता व्हय, वन्सं? साबणपण टाकला मी त्याच्यात!"

"वेलावर टाकलंत?"

"अर्ध्या."

"मग धुवा लवकर, साध्या पाण्यानं! रोग नाय तो, रंगच तसा हाय."

आमचाही वेल धुतला. पूर्ण जळालेली पाने काढली, थोडी तरी हिरवी होती ती ठेवली. भोके लाल भुंगेऱ्यांची होती. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा पत्नी त्यांना वेचून साबणाच्या पाण्यात टाकी. साबणाचा तो पहिला योग्य उपयोग.

गौरी आल्या तेव्हा भोपळा नारळापेक्षा थोडा मोठा होता. तो आम्ही कडावला नेला. भावजयीने तो हातावर तोलला, सालीवर नख मारून पाहिले.

"भाजी हुईल," ती म्हणाली. "घारग्यांना नाय पुरायचा."

तिच्या परसातला दुसरा भोपळा ओट्यावर होताच. घारगे त्याचे झाले.

परतताना पत्नी स्कूटरवर मागे बसली होती. वाटेतल्या खिंडीत माझ्या खांद्यावर थाप पडली.

"भाजी हुईल म्हणाली ती. तुमी ऐकलंत ना?"