फ्रीजर बंद, शिव्या चालू

आमच्या धंद्यात "फ्रीजर मस्त चाललाय हो!" असं सांगायला आजवर कुणी फोन केलेला नाही. फोन वाजला म्हणजे कुठेतरी काहीतरी वितळतंय, आणि ते आमच्यामुळेच वितळतंय, हे ठरलेलं. आम्ही जातो, बोलणी खातो आणि परत येऊन एकमेकांना सांगतो. असे किस्से इतके साठलेत की लालबागच्या आमच्या गाळ्यात जेवताना दुसरा विषयच निघत नाही.

गाळ्यात आम्ही तिघं. मी, नंदू सावंत आणि मिलिंद कांबळे. हॉटेलवाले, आईस्क्रीमवाले, मासेवाले, सगळ्यांचे मोठे फ्रीजर बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे. नंदू मालवणचा, तोंडाने फटकळ. मिलिंद शांत. मीही पूर्वी शांत होतो. आता नाही. का नाही, ते ऐका.

*

परळला एक आईस्क्रीम पार्लर आहे. मालकाची दर सकाळी तीच बोंब. "तुमचा फ्रीजर थंड धरत नाही! सगळा माल बसला!"

गेलो. गॅस ठीक, थर्मोस्टॅट ठीक. परत गेलो. सगळं ठीक. मालक गल्ल्यावरून ओरडतोय, "चोर आहात सगळे! नवा घ्यायला लावायचा डाव आहे तुमचा!" गिऱ्हाईकं बघतायत. आम्ही खाली मान घालून पाना फिरवतोय.

शेवटी तिथे लादी पुसणाऱ्या मावशीच म्हणाल्या, "अहो, शेठ रात्री जाताना मेन स्विच बंद करून जातात."

नंदूने वळून बघितलं. "शेठ, खरं?"

"हो मग! बिल काय तुमचे वडील भरणार? रात्री आईस्क्रीम खायला येतंय कोण?"

नंदू म्हणाला, "रात्री तुमच्याशी बोलायला पण कोण येत नाय. तरी श्वास चालूच ठेवता ना?"

शेठने नेटवर आम्हाला एक स्टार दिला. 'टेक्निशियन उद्धट आहेत.'

*

दादरला चौथ्या मजल्यावर एका बाईंचा केकचा धंदा. त्यांच्याकडे नवा फ्रीजर बसवायचा होता. लिफ्ट चांगली ऐसपैस. फ्रीजर आत ढकलणार, तोच सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले.

"लिफ्ट रहिवाशांसाठी आहे! सामान जिन्याने!"

केकवाल्या बाई हात जोडून म्हणाल्या, "काका, मी रहिवासीच आहे ना!"

"तुम्ही आहात. फ्रीजर नाही."

नेला जिन्याने. आम्ही तिघं आणि दोन हमाल. हात सुटला असता तर खालच्या माणसाची छाती गेली असती. आणि हे सेक्रेटरी काय करत होते? लिफ्टमधून वर येत होते! प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवायची, बाहेर डोकं काढायचं आणि बोलायचं, "भिंतीला घासू नका हं! नुकताच रंग दिलाय!"

चौथ्या मजल्यावर फ्रीजर टेकवला. माझ्या हाताची कातडी सोललेली. काका लिफ्टचं दार लावत होते.

नंदू धापा टाकत त्यांना म्हणाला, "काका, दमलात असाल. पाणी आणू?"

*

शीव कोळीवाड्यातल्या एका मावशींनी तर मला दारातच धरलं. धरलं म्हणजे खरंच, कॉलर धरली!

त्यांचा मासळीचा धंदा. आधीच्या कुणा मेकॅनिकने 'नवा कॉम्प्रेसर' टाकून दिला होता. आठवडाभरात बंद. आतली पापलेटं, सुरमई, सगळा माल गेला. मी खोलून बघितलं. जुना, भंगारातला कॉम्प्रेसर, वरून काळा रंग मारलेला. नखाने खरवडला तर खाली गंज.

"मावशी, तुम्हाला फसवलंय. हा जुना आहे."

मला वाटलं, खरं सांगितलं म्हणून खूश होतील. त्या आणखी भडकल्या.

"तो पन असंच बोलला व्हता! आदीच्यानं फसवलं म्हनून! मासा कवा मेला त्ये मी डोला बघून सांगते. तुज्या कॉम्प्रेसरचा डोला कुटं हाय त्यो दाव मला!"

काय दाखवणार? मान खाली घालून काम केलं. त्या भामट्याचं नाव मावशींना आठवत नव्हतं. मी अजून शोधतोय.

*

लालबागमध्येच एक हॉटेल आहे. कोळंबी मसाला प्रसिद्ध. फ्रीजर दोन दिवस बंद पडून होता, तेव्हा कुठे मालकांनी आम्हाला बोलावलं. झाकण उघडलं आणि मिलिंद तोंड दाबून बाहेर पळाला.

मी म्हटलं, "आधी हा माल फेका. मग हात लावतो."

"फेकू कशाला? तुम्ही चालू करा. परत गोठला की ताजाच!"

"अहो, वास मारतोय!"

"मसाला कशाला असतो मग?"

माझा आवाज चढला. लोकांची पोरंबाळं खातात इथे, वगैरे बरंच बोललो. मालक गल्ल्यातले पैसे मोजत राहिले. तेवढ्यात घरून त्यांचा डबा आला. वरण, भात, गवारीची भाजी.

नंदूने विचारलं, "तुम्ही इथलं जेवत नाय?"

"छे! हॉटेलचं मला बाधतं."

फ्रीजर तसाच उघडा टाकून आम्ही निघालो. दुसऱ्याच कुणीतरी येऊन चालू करून दिला म्हणे. त्या मेकॅनिकचा मला मालकापेक्षा जास्त राग आहे.

*

गिरगावातल्या एक काकू उकडीचे मोदक करून, गोठवून विकतात. गणपती तोंडावर आलेले आणि फ्रीजर बंद. मिलिंद गेला.

काकूंनी दारातच विचारलं, "नाव काय तुमचं?"

"मिलिंद."

"पूर्ण नाव?"

त्याने सांगितलं. काकूंचा आवाज एकदम गोड झाला. "असं करा ना, तुम्ही बाहेरूनच बघा. आत सगळं नैवेद्याचं असतं. गैरसमज नको हं."

मिलिंद म्हणाला, "चालेल. फ्रीजर तेवढा बाहेर आणून द्या." आणि खाली जाऊन टपरीवर चहा घेत बसला.

इकडे गाळ्यात मला फोन. "अहो, दुसरं कुणीतरी पाठवा."

"का? त्याचं काय चुकलं?"

"चुकलं नाही हो. ते सावंत आहेत ना तुमच्याकडे, त्यांना पाठवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "येईल तर मिलिंदच येईल. नाहीतर मोदकांची खीर करून वाटा!" आणि फोन ठेवला. नंदू बाजूलाच होता. त्याने हातातला पाना आपटला. मिलिंदला फोन करून सांगितलं, "परत ये." तो म्हणाला, "चहा संपवतो."

तेवढ्यात पुन्हा काकूंचा फोन. आता रडवेला आवाज.

त्यांनी आणि काकांनी मिळून फ्रीजर स्वतःच बाहेर ढकलायला घेतला होता. मी आणि नंदूने तो बसवताना उभा करून, दाराचा पल्ला काढून आत घेतला होता. त्यांनी सरळ लोटला. तो स्वयंपाकघराच्या चौकटीत तिरका होऊन घट्ट बसला. आणि दोघंही आतल्या बाजूला!

"पुढे जात नाही, मागे येत नाही! ह्यांचा गुडघा धरलाय! मोदक सुटायला लागलेत हो!"

मी विचारलं, "मग कुणाला पाठवू?"

"कुणालाही पाठवा हो!"

मिलिंद खालीच होता. जिना चढून वर गेला. बाहेरचं दार उघडंच. स्वयंपाकघराच्या दारात फ्रीजर, आणि त्याच्यावरून दोन डोकी त्याच्याकडे बघतायत.

मिलिंदने चपला काढल्या, एका बाजूला नीट लावून ठेवल्या आणि उंबऱ्याशी उभं राहून विचारलं,

"काकू, आत येऊ?"