फ्रान्सची सायकल, खैतानची सायकल

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सुट्टीत फ्रान्सच्या खेड्यांतून आठवडाभर सायकल चालवून आले. आज दुपारी इथे आखातात आमच्या हॉस्पिटलमधल्या सतीशदादांकडे हवल्ली भागात जेवायला गेले होते, तिथे सगळ्यांना फोटो दाखवले. दोन्हीकडे शेतं, मधून अरुंद, रिकामा रस्ता. चुकून एखादी गाडी आलीच, तर हॉर्न न वाजवता हळूहळू मागून यायची, असं मी सांगत होते.

दादा म्हणाले, "याला म्हणतात माणुसकी!"

मग तेच मला खैतान भागात माझ्या घरी सोडायला निघाले. आमच्या गल्लीत बकाल्याचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा माणूस पुढे सायकलवर होता. मागे कॅरिअरला पाण्याचे बॉक्स. दादांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. तो बिचारा दचकून फुटपाथला धडकला आणि बाटल्या रस्ताभर घरंगळल्या.

"यांना रस्त्यावर येऊच कसं देतात?" दादा म्हणाले.

मी म्हटलं, "अहो दादा, गाडी थांबवा!"

"अगं, एवढ्या उन्हात कुठे उतरतेस?" म्हणत त्यांनी गाडी थेट माझ्या बिल्डिंगखाली नेली.

आत्ता फोन उघडला, तर मी टाकलेल्या फ्रान्सच्या फोटोखाली दादांची कमेंट: "अशी माणुसकी इथे कधी बघायला मिळणार?"

तुम्हीच सांगा, काय रिप्लाय देऊ?