विहिरीतला आवाज आणि रोटाची वाटणी

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, श्रावणातल्या एका शनिवारी भर दुपारी, जळगावातल्या केळी पिकवायच्या एका बंद खोलीत, तीन शूर प्रवाशांच्या टोळीत फूट पडली. एका प्रवाशाने दुसऱ्याची गचांडी धरली. तलवारी नव्हत्या म्हणून रक्त सांडलं नाही. या साऱ्याला जबाबदार असलेला इसम आज पन्नाशी ओलांडून बसलाय, त्याला पश्चात्ताप वगैरे काही झालेला नाही, आणि तो इसम मी.

नव्वदीची सुरुवात होती. माझा मित्र, त्याला आपण थोरला म्हणू, इंजिनियरिंगच्या होस्टेलवरून एका परदेशी खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स घेऊन आला. अर्धी पानं गायब. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. जमलं की फसलं, ते फाशांनी. वीस बाजूंचे फासे आख्ख्या खानदेशात मिळेनात, म्हणून आम्ही तांबोल्याच्या एक ते वीस सोंगट्या एका पिशवीत घातल्या. गोष्ट सांगायचा मी. माझा नियम एकच: टोळी फुटली की खेळ कायमचा बंद.

टोळीत तिघं. थोरला; त्याची मोठी बहीण, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो; आणि त्यांचा धुळ्याकडचा चुलतभाऊ, म्हणजे धाकटा. थोरल्याचे आणि धाकट्याचे वडील सख्खे भाऊ, पण गावच्या सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. धाकटा जळगावात कॉलेजला होता आणि घरी न सांगता दर शनिवारी आमच्यात यायचा.

त्या शनिवारी तो कपड्यांची पिशवी घेऊनच आला.

"आबाले समजनं," तो वडिलांबद्दल म्हणाला. "चारनी एस्टी. कॉलेज बी आते धुळालेच. त्यास्ना उंबरठा पुन्हा चढू नको म्हने."

"मग? येणार नाहीस?" अक्काने विचारलं.

"येसू का नही, ते आज दखसू. आठे मना कोन शे, ते तं समजू दे."

इथे आपलं कोण आहे, हे त्याला बघायचं होतं. थोरल्याने खोलीचं जड दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कानबाईचा, म्हणजे खानदेशातल्या देवीचा, सण होता. आमच्याकडे कानबाईच्या प्रसादाची जाड पोळी, म्हणजे रोट, करतात तो घरातल्या माणसामागे सव्वा मूठ गहू मोजून, आणि तो खायचा फक्त भाऊबंदांनी. वर्षभर तोंड न बघणारेही त्या दिवशी एका पंगतीला येतात. या दोन घरांनी मात्र पाच वर्षं आपापला वेगळा रोट केला होता. अक्का सुपात तेच गहू घेऊन निवडत बसली होती. हाताला काम, कान गोष्टीकडे.

ती खोली कशी होती ते सांगतो. खिडकी नाही. भिंती धुरीने काळ्या झालेल्या. घड आदल्या दिवशीच उचलले होते, पण पिकल्या केळ्यांचा वास इतका दाट, की कुणीतरी शेजारी बसून श्वास सोडतंय असं वाटावं. आत आणखी एक कोठी होती, बिनदाराची. तिकडे तोंड करून बोललं की आवाज परत यायचा, पण थोडा उशिरा आणि थोडा म्हातारा होऊन. हे मी आधी तपासून ठेवलं होतं. कंदील मुद्दाम माझ्या मागे ठेवला होता.

मी सुरू केलं. सातपुड्यातलं ओस गाव. चुली थंड, पण दारात रांगोळी ओली. गावामध्ये एक विहीर. (विहीर घालताना मला त्यांच्या घरचं भांडण आठवलं नाही, असं मी आजवर सांगत आलो. खोटं आहे.) टोळी काठावर आली, आणि मी कोठीकडे तोंड करून हळूच म्हणालो, "मला वर घ्या."

"...वर घ्या," कोठी म्हणाली.

अक्काचा हात सुपात थांबला. माझ्याही मानेवर काटा आला, कारण दुसऱ्या वेळी तो आवाज मला माझा वाटला नाही.

"बुजवून टाका," थोरला लगेच म्हणाला. "वर दगड ठेवा आणि चला."

"जित्ता मानूस बुजशी?" धाकटा उसळला. "मी दोर सोडी ऱ्हायनू."

"सोडलास तर मी कापीन."

मी सोंगट्या पुढे केल्या; दोघांनी पिशवीत हात घालायला नकार दिला. मत घेऊ म्हटलं, तर अक्का कुणाच्याच बाजूने हात वर करेना. शेवटी तीच म्हणाली, "काढूही नका, बुजवूही नका. आपल्या शिदोरीचा रोट करू, दोरीने खाली सोडू. खातंय कोण ते बघू." दोघांचंही समाधान झालं नाही, पण दोघांनीही वाद थांबवला. मला हायसं वाटलं. तिने कंदिलाकडे बघत बघत टोळीच्या नावाने गव्हाच्या मुठी जमिनीवर मांडल्या.

"माणसं तीन," थोरला म्हणाला. "ढिगाऱ्या चार कशा?"

खरंच चार होत्या.

"तू ठेवलीस!" तो माझ्यावर आला. माझे दोन्ही हात सोंगट्यांच्या पिशवीत होते, ते मी वर करून दाखवले.

"मी तीनच ठेवल्या," अक्का पुटपुटली. तिचा चेहरा उतरला होता.

"खाले जो शे ना," धाकटा अगदी हळू म्हणाला, "त्यानाच नावनी मूठ शे ती."

मग मला घाई झाली, म्हणून मी रोट विहिरीत सोडला आणि म्हणालो, "दोरी हलकी झाली. खाल्ला."

आणि माझी चूक झाली! आमच्या खानदेशाबाहेरच्या कुठल्याही टोळीला ती नडली नसती.

"रोट खादा त्यानी!" धाकटा उठून उभाच राहिला. "म्हंजे तो आते भाऊबंद. भाऊबंदले विहीरमा कसा ठेवशी, भाऊ?"

"ही फसवणूक आहे," थोरला ओरडला. "तुमचं नेहमीचंच! आधी घोटभर मागायचं, मग अख्खी विहीर!"

आता ही विहीर माझ्या गोष्टीतली नव्हती. धाकट्याने त्याची गचांडी धरली, मग आपणच सोडली, आणि कपड्यांची पिशवी उचलून दाराकडे निघाला. त्याचा हात कडीवर होता. त्याला थांबवायला मला दुसरं काही सुचलं नाही. मी कोठीकडे तोंड केलं आणि विहिरीतल्याच्या आवाजात विचारलं, "वर कोण आहे?"

"...कोण आहे?" कोठीने विचारलं, उशिरा, म्हातारी होऊन.

अक्का त्या चौथ्या ढिगारीकडे बघत होती. तिच्या बोटांना अजून गव्हाचा भुसा होता. आणि ती एकदम ओरडली, "शेवटची मूठ काकांची आहे रे! आई दर वर्षी आपल्या रोटात माझ्याच हातून टाकून घेते, आणि कुणाला सांगू नको म्हणते!"