थाप थांबली की थांबायचं

हळूदादाने गाडीत नवा साउंड बसवायला घेतला, तेव्हा गल्लीत सगळ्यांना हसू आलं. ज्याच्या पिकअपला सायकलवाले मागे टाकून जातात, त्याला आता गाण्यांची हौस! नाव पडलं होतं तेच मुळी त्या चालीमुळे. मागे लोखंडी घोडीवर, म्हणजे तिरक्या चौकटीवर, काचेची तावदानं उभी बांधलेली असत, आणि काच घेऊन पळणारा ड्रायव्हर फार दिवस ड्रायव्हर राहत नाही. त्याआधी तो ज्या शेठची काच आता वाहायचा, त्याच्याच दुकानात कडा घासायच्या मशीनवर होता. त्या किंचाळणाऱ्या मशीनसमोर जवानी गेल्यावर शेठनेच त्याला गाडीवर घातलं. तेव्हापासून नवरा-बायको दोघंही गाडीवर. तो चालवायचा, ती शेजारी बसायची, आणि माल उतरवायला गाडी मागे घ्यायची झाली की ती उतरून मागे उभी राहायची.

त्यांची एक रीत होती. बाकीचे लोक "येऊ दे, येऊ दे" ओरडतात आणि शेवटी "बस" म्हणतात. ही ओरडत नसे. गाडीचा फाळका, म्हणजे मागचा उघडायचा पत्रा, त्यावर हाताने थापा मारत राहायची. थाप चालू तोवर यायचं, थाप थांबली की थांबायचं. ही रीत तिनेच काढलेली. "उद्या माझा पाय घसरला तर बस म्हणायला तोंड उघडेल का? थाप मात्र आपोआप थांबेल," असं ती म्हणायची. आपल्या डोक्याचं तिला मनातून कौतुक होतं.

साउंडवाल्याच्या दुकानात ती स्टुलावर बसून होती. गाडीची सीट बाहेर काढलेली, आणि तिच्यामागे बसवायला एक काळी पेटी. तिच्यात परातीएवढा वूफर.

"वहिनी, दादांची फर्माईश ऐकलीत का?" साउंडवाला वायर सोलत म्हणाला. "म्हणतात, आवाज सीटमधून यायला पाहिजे. कॉलेजची पोरंसुद्धा एवढं मागत नाहीत."

"वय झालं की काहीजण केस काळे करतात. आमच्याकडे हे."

सीट परत बसली, गाणं सुरू झालं. हळूदादाने मान वळवून पेटीवर तळहात ठेवला. गाणं ऐकणारा माणूस मान डोलावतो, निदान ओठ तरी हलवतो. हा मात्र पोराच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावा तसा बसला होता.

"अजून वाढव."

"दादा, याच्यापुढे पुढची काच निखळेल."

"अजून."

तिने पुढच्या काचेला बोट लावून पाहिलं. काच बारीक थरथरत होती. जन्मभर काच थरथरली की याचा जीव कासावीस व्हायचा. आज त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला ते आवडलं नाही. का, ते मात्र सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या दुकानात मोठा आरसा पोचवायचा होता. दुकानाचं मागचं दार एका बोळात उघडत होतं, आणि बोळाच्या टोकाला भिंत. ती उतरली, भिंतीकडे पाठ करून उभी राहिली आणि थापा मारू लागली. आत गाणं लागलेलंच होतं. गाडी सरकत आली. दार जवळ आलं तशी तिने थाप थांबवली.

गाडी येतच राहिली.

असेल, ब्रेकवर पाय जायला वेळ लागला असेल, असं तिला वाटलं. मग फाळका तिच्या पोटाला टेकला. तिने घाबरून दोन्ही मुठींनी पत्रा बडवायला सुरुवात केली, आणि बडवता बडवताच तिच्या लक्षात आलं, की आपण त्याला ये म्हणतोय. तिने हात उचलले. पत्रा तरीही तिच्या पोटाशी धपधपत होता. धप, धप, धप. थेट तिच्या थापेच्या चालीने.

ती अंग चोरून खाली बसली आणि चाकाच्या बाजूने रांगत बाहेर निघाली. मागोमाग फाळका भिंतीवर आदळला. आत आरसा तडकल्याचा आवाज झाला.

हळूदादा उतरला. आधी आरसा बघितला, मग तिचा सोललेला कोपर.

"अगं, थाप का नाही थांबवलीस?"

"थांबवली होती."

"येत होती की! पाठीत येत होती मला."

"पाठीत?"

तो गडबडला. "म्हणजे, ऐकू येत होती."

शिंपी काहीतरी बोलत होता, अंगावरच येत होता. हळूदादा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. दोघं घरी निघाले. गाणं त्याने बंद ठेवलं होतं, तरी तिला पत्र्याची धपधप पोटाशी जाणवत होती.

दुपारी तो जेवायला बसला. ती त्याच्या मागे ओट्याशी उभी राहिली. घरात पंखासुद्धा चालू नव्हता. नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, "अहो, आई मोरीत पडल्या."

त्याने घास घेतला. पाणी प्यायला.

"अहो, आई पडल्या."

दारातून सासूबाई डोकावल्या. "मी कुठे पडले? चांगली उभी आहे की!" आणि मग लेकाच्या पाठीकडे, सुनेच्या चेहऱ्याकडे बघून त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, हा माझंच ऐकत नाही. बायकोचं तरी ऐकत असेल."

"मला वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करतात," ती म्हणाली. "सगळे करतात तसं."

दोघी त्याच्या पाठीमागे उभ्या राहून त्याच्याबद्दल बोलत होत्या आणि तो भात कालवत होता.

ती त्याच्या समोर जाऊन बसली. "कधीपासून?"

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. नाकारण्यात अर्थ नव्हता.

"मशीनवर असतानाच. आधी गाणी गेली. मग माणसं जायला लागली." तो ताटाकडे बघून बोलत होता. "त्या पेटीमुळे गाणं कळतं मला. थोडं थोडं. पण काढतो उद्या. पेटी काढली की तुझी थाप परत नीट कळेल. पाठीत बरोबर कळते."

"आणि हॉर्न? सायकलची घंटी? रस्त्यात कोणी हाक मारली तर?"

"तू असतेस ना शेजारी."

"आणि मागे दुसरं कोणी असलं तर?"

"दुसरं कोण उभं राहतं माझ्या मागे?" तो म्हणाला, आणि हसला. एवढ्या वर्षांत याच्याइतकं गोड तो काही बोलला नव्हता. तिच्या अंगावर काटा आला.

जेवण झाल्यावर तो बाहेर गेला. गाडी पाण्याच्या टाकीशी लावून धुवायची होती. तेवढ्यात फळीवर ठेवलेला त्याचा फोन वाजला. नेहमीसारखा तिनेच उचलला. शेठ होता. आरशाबद्दल थोडं बोलून मुद्द्यावर आला.

"उद्या शाळेच्या वर्गखोल्यांच्या काचा आहेत. मधल्या सुट्टीत पोरं मैदानात असतील, पण काळजी करू नका. शाळेचा शिपाई मागे उभा राहील, तो बघेल सगळं. वहिनी, तुम्हाला उतरायचीसुद्धा गरज नाही."

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. मान हलवत नव्हत्या, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

"शेठ, दुसरा ड्रायव्हर बघा. यांना ऐकू येत नाही."

शेठ खदखदून हसला. "कुणाच्या नवऱ्याला येतं, वहिनी?"

ती हसली नाही. पलीकडचं हसणं हळूहळू विरलं. "खरंच?" शेठने विचारलं. "आणि मी त्यांना काच देत होतो?"

तिने फोन ठेवला. आता त्याला सांगायला हवं होतं. शेठचा माणूस किल्ली मागायला यायच्या आत, तिच्याच तोंडून.

बाहेर गाडी सुरू झाली होती. गाणंही लागलं होतं. दाराची कडी त्या ठोक्यांनी हलत होती. तो टाकीकडे गाडी मागे घेत होता, मागे कोणी उभं नसताना. टाकीपाशी शेजारीण बादली भरत होती. ती ओरडली, "अहो दादा, थांबा!" आणि बादली सोडून बाजूला झाली. गाडी येतच होती.

हाक मारून उपयोग नव्हता. ती भिंतीच्या कडेकडेने धावत गाडीच्या पुढे आली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली.

त्याने तिला बघितलं. ब्रेक लागला. बादली चाकाखाली चेपली होती, ते त्याला कळलंच नव्हतं. बायको काहीतरी गंमत करतेय असं समजून त्याने दिवे दोनदा चमकवले.

तिने हात खाली घेतले नाहीत. त्याचं हसू जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग त्याला ओठ दिसतील अशा बेताने, सावकाश बोलायला लागली.