कॅप्टनबायचा बाँड

"बाँड आहे," असं म्हणताना ती हातातल्या चादरीची घडी आणखी कडक करायची. विषय संपला, हे समोरच्याने ओळखायचं असे.

ती आमच्या घरमालकिणीची थोरली मुलगी, लष्करी इस्पितळात नर्स. वसईच्या त्या आळीत मी शाळामास्तर म्हणून राहायला गेलो तेव्हा ती कॅप्टन होती. पुढे मेजर झाली, पण आळीने तिला बढती दिली नाही. ती कॅप्टनबायच राहिली.

नाताळात ती रजेवर आली की बायका मैद्याचे गोड फुगे तळता तळता स्थळं सांगायच्या. कुणाचा भाऊ बँकेत, कुणाचा दीर आखातात. सगळं नीट ऐकून ती म्हणे, "चांगला आहे हो मुलगा. पण बाँड आहे." सरकारने फुकट शिकवलं, त्या बदल्यात नोकरी करायची, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. किती वर्षं, हे कुणी विचारलं नव्हतं. आळीतून गेलेल्या मुली एक तर सासरी असत, नाहीतर कॉन्व्हेंटात नन. लग्न नाही म्हटल्यावर लोकांनी तिला कॉन्व्हेंटवाल्यांत धरलं. फादरसुद्धा चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत व्रतस्थ भगिनींसाठी प्रार्थना करताना शेवटी तिचं नाव घेत. ती पहिल्या बाकावर ताठ बसून ऐके.

तुम्हाला वाटेल तसंच मलाही हे फार गमतीचं वाटे. माझी एक विद्यार्थिनी त्याच नर्सिंगची परीक्षा द्यायचं म्हणू लागेपर्यंत.

तिचा बाप आमचा शेजारी, पानवेलींची वाडी करणारा शांत माणूस. म्हणाला, "मास्तर, फुकट शिकवतात ते बरं. पण जन्मभर अडकवतात. समोर कॅप्टनबायला बघतो ना मी." पोरीने घरात बोलणं टाकलं. मी समजावून पाहिलं. मास्तरच्या शब्दाला जेवढी किंमत असते तेवढी मिळाली.

नाताळाला कॅप्टनबाय आली. संध्याकाळी ओटीवर नेहमीच्या बायका, तिची आई वाल सोलत बसलेली. पोरीचा बाप आला आणि त्याने सरळच विचारलं, "बाय, यातून माणूस सुटतो कधी?"

तिच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन थांबली. नेहमीचे दोन शब्द बोलली असती तर ती सुटली असती आणि पोर घरी बसली असती.

"पाच वर्षांनी," ती म्हणाली.

"आणि तू?"

"माझा बाँड केव्हाच संपला, काका. मला तिथलं काम आवडतं म्हणून राहिले. लग्न नको होतं म्हणून कुणाला सांगितलं नाही."

सगळ्या बायका एकदम कामाला लागल्या. तिने आईकडे पाहिलं. एरवी कशाला न बिचकणारी ही बाई त्या क्षणी घाबरली होती आणि मला तिची माया वाटली.

"मला ठाऊक होतं," आई मान वर न करता म्हणाली. "जा, काकांना चहा टाक."

पोर परीक्षा पास होऊन गेली. कॅप्टनबाय त्याआधीच, रजा संपताच गेली होती. ओटीवरच्या चादरी पुन्हा कशाही घडी होऊ लागल्या.

पुढच्या नाताळात तिला रजा मिळाली नाही. मिस्सेत तिचं नावही आलं नाही. मिस्सा संपल्यावर आईने फादरना दाराशीच गाठलं. मी मागे उभा होतो.

"पण मावशी," फादर म्हणाले, "आता तिला बाँड नाही ना?"

"नाही ना," आई म्हणाली. "तरी राहिलीय ती. नाव परत घाला."