खाली उतरलेला ओठ

एसटी आलीच नाही, म्हणून घाटंजीहून मी आणि शेजारची निशिगंधा पायीच निघालो होतो. निम्मी वाट सरली तरी नववीतली ही बडबडी पोर चित्रकलेची वही पोटाशी धरून गप्पच होती.

"काहून वं, सर बोलले का?"

"नाही काकू. सर म्हणते, आता तुले पाहता यायले लागलं."

आधी ती सगळ्यांचे डोळे बदामासारखे काढायची. सरांनी शिकवलं, मनातलं काढू नको, पेन्सिलीनं माप घे, दिसेल तेच काढ. पोळ्याला तिनं तिच्या आज्याला, उकंडाबुवांना, समोर बसवून काढलं, तर ओठाचा एक कोपरा खाली उतरला. चुकलं समजून तिनं तो खोडून सरळ केला. आठव्या दिवशी आजा बाजेवरून पडला, अर्धं अंग गेलं. दिवाळीआधी तोही गेला.

"मी बरोबरच काढलं होतं, काकू. पण कोणाले सांगतलं नाही."

मी मनात देवाचं नाव घेतलं. तिनं वही उघडली. चेहरा हुबेहूब तिच्या आईचा, ममताचा होता. फक्त डावी पापणी अर्धी मिटलेली.

"तीनदा माप घेतलं, तीनदा असंच आलं. आईले सांगतलं तं हासते. काकू, घरी गेल्यावर पहिले तिच्याकडे नीट पाहा. खरंच चुकलं असंन तरच मले चुकलं म्हणा. उगाच समजूत काढू नका."